शेजाऱ्यांच्या दुप्पट प्रॉपर्टी टॅक्स आम्हालाच का?

पत्र:

"मावशी, नमस्कार. आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या पश्चिमेकडच्या एका सबर्बमध्ये राहतो. गेल्या जूनमध्ये पहिलं घर घेतलं, ५ लाख २० हजार डॉलरला. लिस्टिंगवर टॅक्स वर्षाला ५,४०० च्या आसपास दिसत होता, तोच धरून सगळं बजेट बसवलं. परवा टाऊनशिपची नोटीस आली, टॅक्सेबल व्हॅल्यू १ लाख ४२ हजारांवरून एकदम २ लाख ४५ हजार! आमच्या ३८ मिलच्या, म्हणजे हजारामागे ३८ डॉलरच्या रेटनं हिशोब केला तर टॅक्स ९,३०० च्या वर जातोय. शेजारचे आजी-आजोबा अगदी आमच्याच मॉडेलच्या घरात २००१ पासून राहतात, ते म्हणाले आम्ही ४,७५० भरतो. नवरा म्हणतो अपील करू. ऑफिसमधला मित्र म्हणतो जाऊ दे, शाळेलाच जातात ते पैसे, म्हणून तर तुमच्या मुलीची शाळा चांगली आहे. सासरे पुण्याहून रोज विचारतात, काही चूक झालीय का. त्यात मे महिन्यात स्कूल बाँडचं, म्हणजे शाळेच्या कर्जाचं मतदान आहे म्हणे, म्हणजे आणखी वाढ? आम्ही ग्रीन कार्डच्या रांगेत, आम्हाला तर मतही नाही. फार अन्याय झाल्यासारखं वाटतंय. - तुझी एक वाचक"

उत्तर:

अगं, सगळ्यात आधी ती नोटीस फ्रीजवर मॅग्नेटखाली लाव, ड्रॉवरमध्ये टाकू नकोस. त्या कागदावर ठळक लिहिलेलं असतं की हे टॅक्सचं बिल नाही, आणि तेवढं वाचून कितीतरी लोक ती जंक मेलबरोबर फेकून देतात, मग जुलैत खरं बिल आलं की धावाधाव करतात, तेव्हा मुदत निघून गेलेली असते. तू फेब्रुवारीत विचारतेयस, म्हणजे तुझ्या हातात अजून वेळ आहे.

आता सासऱ्यांना सांग की चूक झालेली नाही. तुमच्यावर कुणी डूख धरलेला नाही, आणि शेजारच्या आजी-आजोबांनीही काही लबाडी केलेली नाही. मिशिगनचा कायदाच तसा आहे आणि घर विकत घेताना हे कुणीतरी तुम्हाला बसवून सांगायला हवं होतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. आपल्याकडच्या दर दुसऱ्या कुटुंबाला हा धक्का बसतो.

त्या नोटिशीवर दोन आकडे असतात. एक असेस्ड व्हॅल्यू, म्हणजे असेसरच्या (घरांच्या किमती ठरवणाऱ्या टाऊनशिपच्या अधिकाऱ्याच्या) अंदाजानं घराचा जो बाजारभाव त्याच्या निम्मी रक्कम. दुसरा टॅक्सेबल व्हॅल्यू, आणि टॅक्स लागतो तो या दुसऱ्या आकड्यावर. १९९४ साली प्रपोझल ए नावाचा प्रस्ताव लोकांच्या मतदानात पास झाला तेव्हापासून नियम असा की घर तुमच्याच मालकीचं आहे तोवर टॅक्सेबल व्हॅल्यू वर्षाला फार तर ५ टक्के किंवा महागाईचा दर, यातलं जे कमी असेल तेवढीच वाढणार, मग बाजारात भाव कितीही उसळू देत. घरात काही नवीन बांधलं तर त्याची भर वेगळी पडते. पण घर विकलं गेलं की पुढच्या वर्षी ते झाकण उडतं, टॅक्सेबल व्हॅल्यू थेट असेस्ड व्हॅल्यूइतकी होते, याला इथं अनकॅपिंग म्हणतात. तुझ्या घराचे आधीचे मालक वर्षानुवर्षं तिथं होते, त्यांचा आकडा मुंगीच्या पावलानं १ लाख ४२ हजारांपर्यंत आला होता, आणि लिस्टिंगवर तुला जो टॅक्स दिसला तो त्यांचा होता. तुझा नव्हताच कधी.

मुंबईतली पागडीची चाळ आठव. एकाच मजल्यावर जुना भाडेकरू नाममात्र भाडं देतो आणि शेजारच्या खोलीत नवीन आलेला बाजारभावानं. हुबेहूब तेच नाही, पण कुणावर किती बोजा हे तुम्ही कधी आलात यावर ठरतं, हे मर्म तेच.

मग शेजाऱ्यांचं काय? ते २००१ पासूनचे, त्यांची टॅक्सेबल व्हॅल्यू सव्वा लाखाच्या आसपास असणार, गुणिले ३८ मिल, झाले ४,७५०. एक मिल म्हणजे टॅक्सेबल व्हॅल्यूच्या दर हजारामागे एक डॉलर. त्यांच्यावर राग काढू नकोस. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला केवळ आजूबाजूची घरं महागली म्हणून स्वतःचं घर सोडायला लागू नये, एवढ्यासाठी ही मर्यादा आहे आणि ती मला पटते. पण त्याचा भार नवीन येणाऱ्यावर पडतो, आणि नवीन येणारे म्हणजे बहुतेक तरुण, लहान मुलांचे आईबाप, दर चार-पाच वर्षांनी नोकरीपायी गाव बदलणारी तुमच्यासारखी माणसं, प्रत्येक वेळी घर बदललं की यांचा काटा परत शून्यावर. हे मला अन्यायाचं वाटतं आणि मी ते उघड म्हणते. कायदा बदलेल तेव्हा बदलेल, तोवर तुला त्यात आपली बाजू सांभाळायची आहे.

आता अपील. नवऱ्याला सांग, 'शेजारी निम्मा भरतो' हे कारण अपील ऐकणाऱ्या बोर्डापुढं चालणार नाही, त्यांना त्यात हात घालायचा अधिकारच नाही. अपील कशावर होतं, तर असेसरनं तुमच्या घराची किंमत जास्त लावलीय का, यावर. तुमची असेस्ड व्हॅल्यू २ लाख ४५ हजार, म्हणजे त्यांनी घर ४ लाख ९० हजारांचं धरलंय. तुम्ही दिलेत ५ लाख २० हजार. खरेदीची किंमत म्हणजेच बाजारभाव असं आपोआप धरायचं नाही हे कायद्यात आहे, नुसतं विकलं गेलं म्हणून तेवढ्या एकाच घराची व्हॅल्यू खेचायलाही असेसरला मनाई आहे, पण तरी तीन माणसांच्या समोर बसून '४ लाख ९० हजार फार होतात' म्हणणं तुम्हाला जड जाईल. भावाच्या मुद्द्यावर तुमची केस मला कमकुवत दिसते. खोटी आशा लावत नाही.

पण म्हणून गप्प बसू नकोस. तुझ्या घराचं रेकॉर्ड कार्ड काढ. बऱ्याच टाऊनशिपचं बीएस अँड ए या साइटवर बघायला मिळतं, नाहीतर असेसरच्या ऑफिसात फोन कर, देतात. त्या कार्डावर घराचा छोटा आराखडा असतो, भिंतींची मापं, किती बाथरूम, गॅरेज केवढं, डेक आहे का, बेसमेंट फिनिश्ड किती स्क्वेअर फूट. ते हातात घेऊन, टेप घेऊन, घरभर फिर. दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याबरोबर मी असंच फिरले होते. कार्डावर ८०० स्क्वेअर फूट फिनिश्ड बेसमेंट, त्यात एक पूर्ण बाथरूम. आम्ही खाली उतरलो तर उघडं काँक्रीट, कोपऱ्यात संप पंप आणि त्यांच्या आईनं दोरीवर वाळत घातलेले कपडे. आधीच्या मालकानं परमिट काढलं होतं, काम कधी केलंच नव्हतं, आणि कार्डावर मात्र झालं म्हणून नोंद. त्या पोरानं मोबाईलवर चार फोटो काढले, प्रिंट करून नेले, बोर्डानं दहा मिनिटांत दुरुस्त केलं. आवाज चढवावा लागला नाही, वकीलही लागला नाही.

आणि हे याच वर्षी करायचं, याला एक कारण आहे जे फार कमी लोकांना ठाऊक असतं. यंदा जो आकडा ठरेल तोच तुझ्या घराचा नवा पाया. पुढची सगळी वर्षं टक्केवारी त्याच्यावर चढणार. समजा कार्डावर चूक आहे, यंदा सोडून दिलीस आणि पुढच्या वर्षी गेलीस, तर तेव्हा असेस्ड व्हॅल्यू थोडी उतरेलही, पण ती टॅक्सेबल व्हॅल्यूच्या खाली गेल्याशिवाय टॅक्समध्ये एका सेंटचा फरक पडणार नाही. अनकॅपिंगच्या वर्षी हे दोन आकडे सारखे असतात, म्हणून त्या वर्षी मिळालेली प्रत्येक हजाराची दुरुस्ती थेट तुझ्या बिलात उतरते आणि पुढं वर्षानुवर्षं टिकते. ही खिडकी एकदाच उघडते.

बोर्ड ऑफ रिव्ह्यू मार्चमध्ये बसतं, साधारण दुसऱ्या सोमवारपासून, नेमक्या तारखा तुझ्या नोटिशीवर छापलेल्या आहेत. अपॉइंटमेंट घ्यावी लागते आणि ती लवकर भरतात, तेव्हा आजच फोन कर. एल-४०३५ नावाचा फॉर्म असतो तो भरायचा. बोर्डावर असेसर नसतो, गावातलेच लोक असतात, मला भेटलेले बहुतेक सभ्य आणि ऐकून घेणारे होते. सोबत कार्ड, फोटो, आणि ३१ डिसेंबरच्या आधी विकल्या गेलेल्या तुमच्यासारख्याच घरांचे तीन-चार भाव, एवढंच. तिथं मनासारखं झालं नाही तर मिशिगन टॅक्स ट्रिब्युनलकडं ३१ जुलैपर्यंत जाता येतं, पण राहत्या घरासाठी आधी मार्चच्या बोर्डापुढं गेलेलं असावं लागतं, त्यामुळं मार्च चुकवू नकोस. यासाठी सिटिझन असण्याची गरज नाही बरं का. घर तुझं, टॅक्स तू भरतेस, तर तिथं बोलायचा हक्क तुझा आहे.

हो, त्याच नोटिशीवर आणखी एक ओळ शोध, राहत्या घराची सूट, पीआरई म्हणतात ती, तिथं १०० टक्के लिहिलेलं असायला हवं. शून्य असेल तर घाबर, कारण मग तुला शाळेच्या ऑपरेटिंगचे १८ मिल जास्तीचे लागतील, तुझ्या व्हॅल्यूवर ते होतात ४,४१०! क्लोजिंगच्या, म्हणजे घरखरेदीच्या सह्यांच्या कागदांच्या गठ्ठ्यात हा फॉर्म सहसा असतो, पण टाऊनशिपला पोचला की नाही हे कुणी बघत नाही. नसेल पोचला तर १ जूनच्या आत देऊन टाक.

आता बँकेचं बोलू, कारण खरा फटका तिथून बसतो. तुमचा टॅक्स हप्त्यातून एस्क्रोत, म्हणजे बँकेनं टॅक्ससाठी वेगळ्या ठेवलेल्या खात्यात, जात असणार, आणि बँकेनं तो जुन्या ५,४०० च्या हिशोबानं धरलाय, महिन्याला ४५०. यंदाची दोन्ही बिलं, उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं, मिळून ९,३१० होणार. बँक तेवढे भरेल, एस्क्रोत ३,९०० च्या वर खड्डा पडेल, आणि मग एक पत्र येईल की हप्ता महिन्याला साडेसहाशेनं वाढलाय. त्यातले ३२६ नवीन टॅक्सचे, आणि जवळपास तेवढेच मागचा खड्डा भरण्याचे. आम्ही २००५ साली घर घेतलं तेव्हा आम्हाला हे पत्र आलं होतं. मी तेव्हा नोकरी करत नव्हते, धाकटा सहा महिन्यांचा होता, आणि मी ते पत्र हातात घेऊन किचनमध्ये रडले होते, कारण मला वाटलं हा वाढलेला हप्ता आता कायमचा. तो कायमचा नव्हता, खड्ड्याचा भाग वर्षभरानं गेला, पण हे सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून तुला सांगते, आजच बँकेला फोन कर, नोटिशीची कॉपी पाठव आणि एस्क्रो आत्ताच वाढवायला सांग. बिल आल्याशिवाय बदलत नाही म्हणाले, तर महिन्याला ३२६ स्वतः बाजूला टाक, वेगळ्या खात्यात, हात लावायचा नाही.

पुढच्या वर्षांची धास्ती घेऊ नकोस. आता तूही त्या झाकणाखाली आलीस. रेट तोच राहिला तर एका वर्षात जास्तीत जास्त ४६५ डॉलरची वाढ, महागाई कमी असेल तर त्याहून कमी. २०२५ ला तो दर ३.१ टक्के होता, २०२३ आणि २०२४ ला महागाई जास्त होती म्हणून पूर्ण ५ लागले. उलटंही घडतं. २००९ ला इथं घरांचे भाव कोसळत होते तरी आमच्या गल्लीतल्या जुन्या मालकांची टॅक्सेबल व्हॅल्यू ४.४ टक्क्यांनी वाढली, कारण त्यांचा आकडा बाजाराच्या खूपच खाली होता. आमचा मात्र बाजाराबरोबर खाली आला. तेव्हा गल्लीतले एक आजोबा चिडून आमच्या दारात आले होते, आज तू माझ्याकडं आलीस तशीच.

आता तुझ्या मित्राचं म्हणणं, की पैसे आपल्याच शाळेला जातात. पुण्यातल्या घराच्या बिलावर शिक्षण कर अशी ओळ असते, त्यामुळं आपल्याला ते पटकन खरं वाटतं. मिशिगनमध्ये १९९४ च्या आधी ते बरंचसं खरंही होतं. शाळा गावच्या प्रॉपर्टी टॅक्सवर चालायच्या, श्रीमंत गावात मुलामागं १० हजारांवर खर्च आणि गरीब गावात ४ हजारांच्याही आत. उत्तरेकडच्या कल्कास्का गावानं मतदानात टॅक्स नाकारला आणि मार्च १९९३ मध्ये तिथल्या शाळांना कुलूप लागलं, वर्ष संपायच्या कितीतरी आधी. मुलं घरी! त्याच जुलैत राज्याच्या राजधानीत, लॅन्सिंगमध्ये, डेबी स्टॅबेनॉ तेव्हा राज्याच्या सिनेटमध्ये होत्या, त्यांच्या दुरुस्तीवरून शाळा चालवण्याचा स्थानिक प्रॉपर्टी टॅक्सच पुसून टाकला, त्या जागी काय आणायचं हे ठरलेलं नसताना. गव्हर्नर एंग्लर यांनी सही केली. मग मार्च १९९४ मध्ये लोकांनी प्रपोझल ए निवडलं, सेल्स टॅक्स ४ चा ६ टक्के झाला, आणि शाळेचा पैसा मुख्यतः लॅन्सिंगहून यायला लागला.

म्हणजे आज कसं चालतं, तर तुझ्या ३८ मिलमधले ६ मिल स्टेट एज्युकेशन टॅक्स म्हणून राज्याच्या थैलीत जातात, तुझ्या बिलात ते १,४७० डॉलर. त्या थैलीत सेल्स टॅक्स येतो, इन्कम टॅक्सचा वाटा येतो, लॉटरीचा नफा येतो. आणि मग मुलामागं ठरलेली रक्कम स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे गावच्या शाळा चालवणाऱ्या संस्थेला मिळते, २०२५-२६ साठी ती १०,०५० डॉलर आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी मुलं मोजतात, काउंट डे म्हणतात, त्या दिवशी शाळेतून आग्रहाचे मेसेज येतात की आज मुलाला नक्की पाठवा, ते यासाठी. ब्लूमफील्ड हिल्ससारख्या काही जुन्या श्रीमंत डिस्ट्रिक्टना थोडा जादा टॅक्स लावायची मुभा आहे, वेन काउंटीत २०१६ ला लोकांनी मतानं २ मिल वाढवून काउंटीतल्या डिस्ट्रिक्टना वाटले, असे अपवाद आहेत. पण तुझी व्हॅल्यू १ लाख ४२ हजारांवरून २ लाख ४५ हजार झाली म्हणून तुझ्या मुलीच्या वर्गात शिक्षक वाढला, असं होत नाही. मित्राला हे सांग. बाकीचे मिल काउंटी, टाऊनशिप, लायब्ररी, कम्युनिटी कॉलेज, स्पेशल एज्युकेशन, शाळेचं जुनं कर्ज असे वाटले जातात, आणि लायब्ररीत तर तुम्ही दर शनिवारी जात असाल.

मग मेमधला बाँड कशासाठी? इमारतींसाठी. छप्पर, बॉयलर, बस, सुरक्षित दारं, प्रयोगशाळा. लॅन्सिंगचा मुलामागचा पैसा पगारात आणि वर्ग चालवण्यात संपतो, इमारतीसाठी गावाला स्वतः कर्ज काढायला लागतं आणि ते फेडायचा मिल सगळ्या घरांवर बसतो, तुमच्या राहत्या घरावरही. या पैशातून शिक्षकांचे पगार देता येत नाहीत. प्रस्ताव किती मिलचा आहे ते डिस्ट्रिक्टच्या साइटवर बघ आणि तुझ्या टॅक्सेबल व्हॅल्यूनं गुण, एक मिल असेल तर तुला वर्षाला २४५ डॉलर, शेजाऱ्यांना १२५. कधीकधी जुनं कर्ज फिटत आलेलं असतं म्हणून नवा बाँड येऊनही रेट तोच राहतो, तेही तिथं लिहिलेलं असतं. आणि मतपत्रिकेवर १८ मिल ऑपरेटिंगचं नूतनीकरण असं कधी दिसलं तर लोक घाबरून 'नको' म्हणतात, पण पीआरई असलेल्या घरावर तो लागतच नाही, तो दुकानं, ऑफिसं, भाड्याची घरं यांच्यावर असतो. तो नाकारला गेला तर शाळेच्या रोजच्या खर्चाला भोक पडतं. मी तर माझ्या गल्लीत दारोदार जाऊन हे समजावलंय.

मत नाही याचं दुःख मला कळतं. आम्ही ११ वर्षं टॅक्स भरला आणि प्रत्येक निवडणुकीला दुसऱ्यांना गाडीतून पोलिंगला नेऊन सोडलं, स्वतः बाहेर थांबलो. पण स्कूल बोर्डाची मीटिंग खुली असते, पब्लिक कमेंटमध्ये नाव देऊन बोलता येतं, तिथं कुणी पासपोर्ट विचारत नाही. मुलगी त्या शाळेत आहे, तिच्या वर्गाचं छप्पर गळतंय का हे तुला त्या बोर्डाइतकंच कळतं. जा आणि बोल. शेजारच्या आजी-आजोबांना मत आहे, त्यांच्याकडं चहा घ्यायला जा, ही आकडेमोड त्यांच्याशीही कर.

जे अजून घर शोधताहेत त्यांनी एवढंच करा, लिस्टिंगवरचा टॅक्स विसरा, घराच्या किमतीच्या निम्मे करा, हजारानं भागा आणि गावाच्या राहत्या घराच्या मिलेजनं गुणा. ५ लाखांचं घर, ३८ मिल, म्हणजे ९,५००. हा तुमचा टॅक्स. या आकड्यावर झोप लागत असेल तरच ऑफर द्या.

तू आज टाऊनशिपला फोन कर, कार्ड मागव. बेसमेंटची नोंद, बाथरूमची संख्या, डेकचं माप नीट ताडून बघ. काही खटकलं तर पत्ता झाकून फोटो मला पाठव, आपण दोघी मिळून बघू, मार्चच्या आत.